हाताचं सोडावं, कानाचं न्यावं

‘गाइड’ (१९६५) या चित्रपटातल्या एका गाजलेल्या नृत्यगीताचा तबला पंडित शिवकुमार शर्मा यांनी वाजवला आहे, असं सांगितलं की अनेकांना खरं वाटत नाही. शिवकुमार म्हणजे संतूर हे समीकरण इतकं पक्कं झालं आहे की त्यांच्यापुढे कधीकाळी तबला-डग्गा असायचा, हेच विसरायला झालं. जम्मूत त्यांचे वडील पंडित उमादत्त शर्मा यांनी लहानपणीच त्यांना गाणं आणि तबला शिकवला. तबलजी म्हणून त्यांचा हात बसला होता, रेडिओवर ते वाजवतही होते. तेराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्यांच्यापुढे संतूर ठेवलं आणि १९५५ साली मुंबईच्या रसिकांसमोर त्यांनी ते पहिल्यांदा जाहीरपणे वाजवलं. ‘गाइड’च्या वेळी राहुलदेव बर्मन यांच्या आग्रहाखातर ते एका गाण्यापुरते पुन्हा तबल्यावर बसले. तोवर तबला बाजूला पडून बराच काळ लोटला होता.

आज आपण हे कौतुकानं सांगतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. पण १९५५ च्या त्या मुलाकडे त्याच्या काळात उभं राहून पाहा. हाताशी असलेलं, मागणी असलेलं, मैफलीत हमखास जागा असलेलं वाद्य सोडून तो काश्मीरच्या सुफियाना मौसिकीतलं एक वाद्य घेतो. त्यावर राग नीट वाजतो की नाही, याचीच जाणकारांना शंका आहे. शेजारपाजारच्यांनी काय म्हटलं असतं? आजही जे म्हणतात तेच. पोराची धरसोड वृत्ती. एक ना धड, भाराभर चिंध्या.

या शेऱ्यामागे एक समजूत आहे: साधना म्हणजे एका वाद्याला चिकटून राहणं, आणि वाद्य सोडणं म्हणजे साधना मोडणं. ती मला मान्य नाही. वाद्य बदलताना हातानं कमावलेलं बहुतेक सगळं मागे राहतं आणि कानानं कमावलेलं बरोबर येतं. म्हणून जुनं वाद्य खाली ठेवावं की नाही, हे ठरवताना त्यावर किती वर्षं घातली याचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. त्या वर्षांत कान किती तयार झाला, हे पाहायला हवं. कान तयार असेल तर वाद्य सोडणं हा साधनेचाच पुढचा टप्पा असतो. नसेल तर नवं वाद्यही काही काळानं माणसाला जुन्याच जागी आणून सोडतं.

एका वाद्यावर अवघा जन्म वाहणाऱ्या कलावंताची प्रतिमा आपल्याला फार प्रिय आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं हिंदुस्थानी संगीत चाळलं तर वाद्य बदललेली माणसं पावलोपावली भेटतात. पन्नालाल घोष सतारियाच्या घरात जन्मले, आधी सतार शिकले आणि मग बासरीकडे वळले. गुराख्याचं म्हणून बाजूला टाकलेलं ते वाद्य त्यांनी लांबरुंद करून मंद्र सप्तकात उतरवलं आणि रागाच्या आलापाला लायक केलं. उस्ताद अहमदजान थिरकवा आधी गाणं आणि सारंगी शिकत होते. मुनीर खाँचा तबला कानावर पडला आणि मार्ग बदलला. पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसलेल्या थिरकवांचा तबला महाराष्ट्राच्या कानात मुरला. तो तबला गातो असं लोक म्हणत. हाताला आधी सारंगी माहीत असलेल्या माणसाविषयी हे म्हटलं जात होतं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

वाद्य आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, याचा सर्वांत मोठा पुरावा मैहरमध्ये आहे. रामपूरचे वजीर खाँ बीनकार होते. बीन घराण्याबाहेर द्यायची नाही असा दंडक, म्हणून त्यांनी मैहरच्या अल्लाउद्दीन खाँना तालीम दिली ती सरोदवर. म्हणजे मैहरच्या परंपरेचा उगमच एका वाद्याची विद्या दुसऱ्या वाद्यावर उतरवण्यात आहे. पुढे याच सरोदियानं मुलाला, अली अकबर खाँना, सरोद दिलं. रविशंकर आणि निखिल बॅनर्जी यांना सतार शिकवली. पन्नालाल घोष यांना बासरीवर तालीम दिली. मुलगी अन्नपूर्णा सतार शिकत होती, तिला त्यांनी सुरबहारकडे वळवलं. रविशंकर तर भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यपथकातले नर्तक. १९३८ साली नाच सोडून ते मैहरला येऊन राहिले. एकच गुरू इतकी वाद्यं शिकवू शकला, कारण तो शिकवत होता गाऊन. शिष्यानं आधी ते गळ्यात घ्यायचं, मग आपापल्या वाद्यावर शोधायचं. आपलं एक अख्खं घराणं ज्या तत्त्वावर उभं आहे, तेच तत्त्व एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्यापुरतं लावलं की आपण त्याला धरसोड म्हणतो, हे विचित्रच आहे.

आता हाताकडे बघू. सतारियानं सरोद हातात घेतलं, असं धरून चाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दोन्ही तंतुवाद्यंच, किती फरक असणार? सतारीवर उजव्या तर्जनीत नखी घालतात. बोट आतल्या बाजूला, तळहाताकडे घेत तार छेडली की ‘दा’ वाजतो, बाहेर नेत छेडली की ‘रा’. सरोदवर नारळाच्या करवंटीचा जवा चिमटीत धरतात आणि वरून खाली आलेला आघात ‘दा’ होतो, खालून वर जाणारा ‘रा’. बोल तेच, पण हाताची दिशा उलटी. डाव्या हाताची तीच गत. सतारीवर मींड घ्यायची तर पडद्यावर दाबलेली तार आडवी खेचायची. एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत चढून जाणारी मींड हा सतारियाचा अभिमान. सरोदला पडदेच नाहीत. गुळगुळीत पोलादी पट्टीवर नखाच्या कडेनं तार दाबायची आणि बोट घसरवत न्यायचं. खेचण्याची सवय इथे नुसती निरुपयोगी नसते, ती आड येते. सतारीच्या रियाजानं बोटाच्या टोकाला पडलेला कडक घट्टा सरोदसाठी फारसा कामाचा नाही, कारण इथलं काम नखाचं.

म्हणूनच मुरलेल्या वादकाला नवं वाद्य नवशिक्यापेक्षा जड जातं. नवशिक्याचा हात कोरा असतो. मुरलेल्याच्या हाताला मतं असतात. पण त्याच्याकडे दुसरं काहीतरी असतं, जे नवशिक्याकडे नसतं. यमनातला तीव्र मध्यम कुठे थोडा थांबला की गोड लागतो, विलंबित गतीत समेवर येताना किती मोकळी जागा सोडायची, झाला कधी थांबवायचा, हे त्यानं पूर्वीच ऐकून ठेवलेलं असतं. नव्या वाद्यावर त्याला ते वाजवता येत नाही, पण वाजलं नाही हे लगेच कळतं. हे कळणं हीच त्याची शिदोरी आणि हाच त्याचा छळ. नवशिका स्वतःच्या बेसुरावर खूश असू शकतो. वाद्य बदललेल्याला ती सोय नाही.

हात आणि कान यांची ही फाळणी सर्वांत स्पष्ट दिसते ती पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्या बाबतीत, आणि गंमत म्हणजे त्यांनी वाद्य बदललंच नाही. अलाहाबादच्या पहिलवानाचा हा मुलगा आधी गाणं शिकला, मग भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी. १९५७ साली आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरी, पुढे मुंबई, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत भरपूर काम. नाव झालं, पैसा येऊ लागला. अशा वेळी ते अन्नपूर्णादेवींकडे गेले. त्या सुरबहार वाजवणाऱ्या. बासरीवर बोटं कशी ठेवायची हे त्या दाखवू शकत नव्हत्या आणि त्याची गरजही नव्हती. सहजासहजी त्या शिष्य करून घेत नसत. आपण खरोखर पहिल्यापासून सुरुवात करायला तयार आहोत, हे दाखवण्यासाठी चौरसियांनी बासरीची बाजूच बदलली आणि उजव्याऐवजी डाव्या हातानं वाजवायला लागले. बासरी तीच, फुंकर तीच, बोटं मात्र अडाणी.

सरळ व्यवहारात पाहिलं तर हा वेडेपणा. कमावलेल्या बोटांवर पाणी सोडून मिळवायचं काय? पण त्यांनी नेमकं ओळखलं होतं की जुन्या बोटांच्या जुन्या वाटा पक्क्या झाल्या आहेत, आणि बाई गाऊन जे देतील ते बोटं आपोआप जुन्याच वाटेनं नेतील. बोटांना मुकं केल्याशिवाय कानाचं काही चालणार नव्हतं. वाद्य बदलणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत जे थोड्याफार प्रमाणात नकळत घडतं, ते त्यांनी जाणूनबुजून घडवून आणलं.

शिवकुमार शर्मांच्या बाबतीत हाच व्यवहार वेगळ्या अंगानं दिसतो. तबल्यावरून त्यांनी काय आणलं आणि काय मागे टाकलं? डाव्या तळव्यानं डग्ग्यावर घिस्सा काढण्याचा संतुराशी काही संबंध नाही. अक्रोडाच्या लाकडाची कलम बोटांत धरून तारांवर आघात करायचा, ही पूर्ण वेगळी क्रिया. पण लय बरोबर आली. त्यांच्या जोडकामात आणि गतीत लयीचे जे गुंतागुंतीचे हिशोब ऐकू येतात, ते तबलजीच्या कानाचे आहेत. कमतरता होती ती सलग स्वराची. संतुराची तार वाजली की स्वर उमटतो आणि विरतो, मींड नाही, मग आलाप कसा करणार, असा जाणकारांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. त्यावर त्यांनी वादविवाद न करता वाद्यावर काम केलं. तारांची आणि घोड्यांची रचना बदलली, चौकटीवर ठेवायचं वाद्य मांडीवर घेतलं, आघाताऐवजी कलम तारेवर हलकेच घसटत नेऊन स्वर लांबवण्याची युक्ती काढली. १९६७ साली हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्यासोबत त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आली, तोवर आक्षेप घेणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला होता. त्या ध्वनिमुद्रिकेतली तिन्ही वाद्यं, संतूर, बासरी आणि गिटार, थोड्याच काळापूर्वी मैफलीच्या उंबरठ्याबाहेर होती, हेही ध्यानात घ्यावं. स्थिरावलेल्या वाद्यांशीच सगळे एकनिष्ठ राहिले असते, तर ती आत आलीच नसती.

इथवर मी वाद्य सोडणाऱ्यांची बाजू मांडली. पण सोडणं नेहमी मोकळ्या मनानं होतं असं नाही, आणि ही बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. सारंगीचं उदाहरण घ्या. माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं वाद्य म्हणून तिची ख्याती. आतड्याच्या तातीच्या तीन मुख्य तारा, त्या दाबायच्या बोटाच्या टोकानं नव्हे तर नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीनं. रियाज करून करून तिथे कायमचे वण पडतात. इतकं कठीण वाद्य वाजवणाऱ्याला मान किती? तो बसायचा मागे. तवायफांच्या साथीशी त्याचं नाव जोडलेलं, आणि समाजाची नजर त्या कोठ्यावर असलेली तीच त्याच्यावरही. खुद्द गवयांच्या लेखीही सारंगिया म्हणजे साथीदार, पायरीनं खालचा.

म्हणून सारंगीकडून गाण्याकडे गेलेल्यांची रांग मोठी आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, जे पुढे मिरजेत स्थिरावले आणि ज्यांच्या तालमीतून सवाई गंधर्व घडले, ते तरुणपणी सारंगी वाजवत. बडे गुलाम अली खाँच्या हातीही सुरुवातीला सारंगी होती. अमीर खाँचे वडील शाहमीर खाँ हे भेंडीबाजार घराण्याचे सारंगिये, इंदूरच्या होळकरांच्या पदरी. मुलाला त्यांनी आधी सारंगीच दिली आणि नंतर गाण्याकडे वळवलं. या तिघांवाचून विसाव्या शतकातलं ख्यालगायन कल्पनेतही आणता येत नाही. त्यांचा कान सारंगीवर तयार झाला आणि ते गाण्यात घेऊन आले, हे माझ्या म्हणण्याला पुष्टी देणारंच आहे. अमीर खाँच्या संथ बढतीत एकेका स्वराला चिकटून पुढे सरकण्याची जी रीत आहे, तिच्यात मला गजाची चाल ऐकू येते.

पण गाणं जितकं कमावून गेलं, तितकं सारंगीनं गमावलं. ज्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या घरांतली तल्लख मुलं तिच्यापासून दूर गेली. त्यातून पेटी आली, शिकायला सोपी, मिळायला सोपी, आणि साथीला तीच रूढ झाली. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, त्यामुळे रेडिओच्या नोकरीत सारंगियांना काही काळ आसरा मिळाला इतकंच. पंडित रामनारायण यांनी सारंगी सोडली नाही. १९४९ साली दिल्ली केंद्राची नोकरी सोडून ते मुंबईला आले. १९५४ साली कावसजी जहांगीर सभागृहात एकल सारंगी वाजवायला बसलेल्या त्यांना श्रोत्यांनी उठवून लावलं, तरी दोन वर्षांनी ते पुन्हा एकट्यानं सारंगी घेऊन बसले आणि या वेळी जिंकले. सारंगी साथीच्या जागेवरून मैफलीच्या मध्यभागी आणणारा हा माणूस. त्यांची मुलगी अरुणा सारंगी वाजवते, आणि मुलगा ब्रिजनारायण सरोद. सारंगीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्याच्या घरातसुद्धा मुलाच्या हाती दुसरं वाद्य आलं, यात विसंगती नाही. बापानं वाद्याला मान मिळवून दिला म्हणजे मुलाचं पाऊल बांधलं, असं होत नाही.

यातून मला एक फरक स्पष्ट दिसतो. कानाला दुसरीकडे ओढ लागली म्हणून सोडणं वेगळं आणि लाज वाटते म्हणून सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दोष सोडणाऱ्याचा नसतो. ज्या समाजानं त्या वाद्याला मागच्या रांगेत बसवलं, त्याचा असतो. एखादं वाद्य मरू द्यायचं नसेल तर ते वाजवणाऱ्याला बिदागी आणि मान द्यावा. ते न करता ‘परंपरा सोडू नकोस’ असं एकट्या पोराला सुनावणं, ही परंपरेची काळजी नसून फुकटची ओझेवाटणी आहे.

सोडण्याची मुभाच मिळाली नाही, असंही एक मोठं उदाहरण आहे. विलायत खाँ दहा वर्षांचे असताना १९३८ साली वडील इनायत खाँ वारले. मुलाला गायचं होतं, आणि आई बशीरन बेगम स्वतः गायकांच्या घरातली. पण तिनंच त्याला निक्षून सांगितलं की तुझ्या बापाच्या घराण्यात सतार चालत आली आहे, तेव्हा सतारच वाजवायची. मुलानं सतार धरली, पण गाणं सोडलं नाही. आयुष्यभर त्यानं सतारीला गायला लावलं. तारांची संख्या आणि जुळणी बदलली, वाद्याची घडण मजबूत करून घेतली, म्हणजे लांब मींड तारेला झेपेल. मैफलीत मध्येच एखादी ओळ गळ्यानं गाऊन तीच ते सतारीवर काढून दाखवत. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं असं कुणी म्हणेल: पाहा, वाद्य बदललं नाही म्हणून केवढं काम झालं! मला त्यात उलट अर्थ दिसतो. इथे वाद्य बदलता आलं नाही, पण कानानं आपला हट्ट पुरा केला. कान एवढा बलवान असेल तर वाद्य बदललं काय आणि न बदललं काय, निष्ठा अखेर कानावरच असते.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. गुरुजन विद्यार्थ्याला सांगतात: दहा ठिकाणी खड्डे खणण्यापेक्षा एकाच ठिकाणी विहीर खण. हे खोटं नाही. रियाजात प्रत्येकाच्या वाट्याला असा काळ येतो की हात पुढे सरकत नाही. तान एका लयीपुढे जात नाही, रोज तेच, तसंच. अशा वेळी नवं वाद्य फार खुणावतं. पहिल्या महिन्यात नव्या वाद्यावर प्रगती झपाट्यानं दिसते, कारण सुरुवातीला सगळ्यांचीच दिसते. मग तिथेही हात अडतो आणि तिसरं वाद्य दुकानाच्या काचेतून बोलावू लागतं. हल्ली ते फोनच्या पडद्यावरून बोलावतं. आज युकुलेले, उद्या हँडपॅन. अशा माणसाच्या घरी वाद्यं भरपूर असतात आणि संगीत थोडं. विहिरीचा उपदेश त्याच्यासाठी योग्यच आहे. पण विहीर खणणारा शहाणा माणूस खोल गेल्यावर काय लागतंय तेही बघतो. कातळ लागला तर घाम गाळतो, पण पाण्याचा मागमूसच नसेल तर जागा बदलतो. बाहेर उभ्या असलेल्याला कातळ कुठला आणि कोरडी जमीन कुठली हे सांगता येत नाही. ते आत उतरलेल्यालाच कळतं.

मग ओळखायचं कसं? एक कसोटी आहे आणि ती मैहरचीच आहे. मी एका तालुक्याच्या गावच्या संगीतवर्गात ती वापरलेली पाहिली. एक मुलगी पेटी वाजवायची, विशारदच्या तयारीला लागलेली. तिनं व्हायोलिन शिकायचं म्हटल्यावर आई वर्गात येऊन बसली. एवढ्या परीक्षा दिल्या, त्या वाया जायच्या का, हा तिचा सवाल, आणि आईनं तो विचारावा यात गैर काही नाही. सरांनी आईला उत्तर दिलं नाही. मुलीला म्हणाले, “पेटीवर जे निघत नाही म्हणतेस, ते गाऊन दाखव.” मुलीनं दरबारीचा गंधार गायला. तो कोमल गंधार, आंदोलित, धैवतासारखाच हलत राहणारा. पेटीच्या पट्टीवर तो एका जागी ठोकलेला असतो, हलत नाही. तिचा गळा बेताचा होता, पण स्वर हलला, आणि कुठे हलायचा तेही तिला नेमकं माहीत होतं. “बरं,” सर म्हणाले, “आता हे वर्षभर व्हायोलिनवर निघणार नाही. चालेल ना?” मुलगी हसली. आईकडे वळून सर म्हणाले, “वहिनी, परीक्षा वाया गेल्या नाहीत. त्यातूनच तिला हा गंधार ऐकू आला.”

पुढचे महिने मुलीला फार जड गेले. खाली बसायचं, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवायचं, आणि मग बोटांना सापडेना की स्वर कुठे आहे. पेटीवर बोट ठेवलं की स्वर तयार असतो. इथे तो दर वेळी घडवावा लागतो. तिची बोटं पट्ट्यांच्या अंतरानं पडायची, म्हणजे हमखास चुकीच्या ठिकाणी. पण चुकली हे कळायला तिला सरांची गरज नव्हती. कपाळाला आठी पडायची, बोट केसभर सरकायचं. वर्गात पहिल्यापासून व्हायोलिन शिकणारी मुलं होती; त्यांचा गज तिच्याहून सरळ चालायचा, पण बोट सरकवायला त्यांना सरांच्या खुणेची वाट पाहावी लागायची.

प्रत्येक वेळी जुनं वाद्य खाली ठेवावंच लागतं असंही नाही. पंडित गजाननराव जोशी ग्वाल्हेरच्या तालमीतले गवई आणि त्याच तोडीचे व्हायोलिनवादक होते. दोन्ही बाजू त्यांनी सांभाळल्या, कारण त्यांचा गज त्यांच्या गळ्याच्याच वाटेनं चालत होता. एकच ख्याल दोन ठिकाणी वाजत होता. पण असा माणूस क्वचित. बाकीच्यांच्या दिवसाला तासच तेवढे असतात, आणि दोन वाद्यांचे हात परस्परांना शिव्या देत असतील तर एकाला गप्प बसवावंच लागतं. कधी शरीरच निर्णय घेतं. सांधे धरतात, मांडी घालून बसवत नाही, बोटं ऐनवेळी दगा देतात. अशांना तर कानाशिवाय कुणाचाच आधार नसतो. ज्यानं आयुष्यभर फक्त हात घोटला, त्याचं संगीत हाताबरोबर संपतं. कान घोटलेला माणूस शिकवतो, ऐकतो, दुसरं काहीतरी धरतो.

म्हणून मला काळजी वाटते ती वाद्य बदलणाऱ्यांची नाही, तर कान तयार न करताच हात तयार करणाऱ्या आपल्या शिकवण्याची. वाद्याच्या वर्गात मुलांकडून गाऊन घेणं कमी होत चाललं आहे. परीक्षेत ठरावीक राग, ठरावीक ताना, आणि बोटं झरझर चालली की पालक खूश. अशा विद्यार्थ्यानं वाद्य बदललं तर त्याच्याकडे बरोबर न्यायला काहीच नसतं आणि मग तो खरोखरच पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो. आपण त्याला दोष देतो चंचल म्हणून. खरं तर त्याच्या कानाला काहीच दिलं नाही, ही आपली चूक असते. शिक्षकांनीही इथे थोडा मोठेपणा दाखवायला हवा. शिष्य दुसऱ्या वाद्याकडे गेला म्हणजे माझी तालीम फुकट गेली, असं मानणारा गुरू आपण नेमकं काय शिकवलं हेच विसरलेला असतो. रविशंकरांनी सतार धरली म्हणून उदयशंकरांच्या नाचातली वर्षं वाया गेली, असं कोण म्हणेल?

तेव्हा घरातल्या कुणी उद्या जुनं वाद्य खाली ठेवायचं म्हटलं, तर वर्षं आणि परीक्षा मोजत बसू नये, आणि प्रतिभेचा साक्षात्कार झाल्यासारखं टाळ्याही वाजवू नयेत. एकच विचारावं: जुन्या वाद्यावर काय मिळत नाही, ते गाऊन दाखव. ज्याला ते गाता येत नाही, त्याचा कंटाळा अजून संगीताचा झालेला नाही. त्यानं थांबावं आणि हातातलं वाद्य आणखी घोटावं. ज्याला ते गाता येतं, त्याच्या वाटेत आपण आडवं येऊ नये. पुढची काही वर्षं बेसूर वाजवत काढण्याची तयारी त्याच्याकडून मात्र जरूर कबूल करून घ्यावी. सगळ्या बदलात एवढी एकच किंमत अटळ आहे, आणि ती चुकवून कुणीच पलीकडे गेलेलं नाही.